सही नसलेला मुलूख

संविधानाच्या हस्तलिखित प्रतीच्या अखेरीस सह्यांची पाने आहेत. २४ जानेवारी १९५० रोजी दिल्लीत संविधान सभेचे २८४ सदस्य एकेक करून पुढे आले आणि त्यांनी त्या पानांवर आपापली नावे लिहिली. या प्रतीची छापील प्रतिकृती पहिल्यांदा हाती आली तेव्हा मी सरळ ती शेवटची पानेच उघडली. आपल्या बाजूचा माणूस कुठलीही यादी दिसली की आधी गावाकडचे नाव शोधतो. मुंबईची माणसे सापडली, वऱ्हाडातली सापडली. मराठवाड्यातले एकही नाव सापडेना. पुन्हा वरपासून खालपर्यंत बोट फिरवले. नांदेड, लातूर, परभणी, बीड, छत्रपती संभाजीनगर, धाराशिव. कुठलेच नाही.

ही नावे चुकून राहिलेली नाहीत. देशातली लहानमोठी संस्थाने हळूहळू संविधान सभेत येऊन बसली. जम्मू-काश्मीरचे चार प्रतिनिधीसुद्धा जून १९४९ मध्ये आले. हैद्राबाद संस्थानाच्या जागा मात्र शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या. आजचा सगळा मराठवाडा त्या वेळी हैद्राबादेत होता. लातूर तर तेव्हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता, उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यातला एक तालुका होता. त्याचा जिल्हा झाला ऑगस्ट १९८२ मध्ये. त्यामुळे ज्या कागदाने आपल्याला बोलण्याचा, जमण्याचा, शिकण्याचा आणि माणूस म्हणून उभे राहण्याचा हक्क दिला, त्या कागदावर आपल्या मुलखाची सही नाही.

हे कळल्यापासून एक प्रश्न मनातून जात नाही. ज्यांची सही दिल्लीच्या कागदावर नाही, त्यांच्या हक्कांचे मूळ कागद कोणते? ते कुठे आहेत, आणि ते कोण जपतो आहे?

तारखा एकापुढे एक मांडल्या की त्या रिकाम्या जागांचा अर्थ लागतो. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, तेव्हा निजाम मीर उस्मान अली खान यांनी भारतात यायचे नाकारले होते. हैद्राबाद स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना त्याच दिवशी अटक झाली. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत सरकार आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला. त्यानंतर स्वामीजी बाहेर आले आणि जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा आत गेले. २१ फेब्रुवारी १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मसुदा समितीच्या वतीने संविधानाचा मसुदा सादर केला. त्या दिवशी मराठवाड्याचा सर्वांत मोठा पुढारी तुरुंगात होता आणि गावोगाव निजामाची बाजू घेणाऱ्या रझाकारांचा धुडगूस चालू होता. सप्टेंबरात पोलीस अॅक्शन झाली. १३ तारखेला भारताच्या फौजा शिरल्या आणि १७ ला निजामाने शरणागती पत्करली. पुढे वर्षभराहून अधिक काळ जनरल जयंतनाथ चौधरी लष्करी गव्हर्नर होते. लोकांनी निवडून दिलेले सभागृहच नव्हते, मग दिल्लीला पाठवायचे कोणाला?

आणि मग २३ नोव्हेंबर १९४९. संविधान सभा संविधान स्वीकारणार होती त्याच्या तीन दिवस आधी निजामाने एक फर्मान काढले. भारताचे संविधान हेच हैद्राबादचे संविधान राहील, असे त्यात जाहीर केले. 'आम्ही भारताचे लोक' हे शब्द आपल्या दारात आले ते एका राजाच्या फर्मानातून. हे वाचताना मन खट्टू होते, हे मी लपवत नाही. ज्यांनी मार खाल्ला, शिक्षा भोगल्या, गावे सोडून सरहद्दीवरच्या कॅम्पांत दिवस काढले, त्यांच्या वतीने सही केली ती ज्याच्याशी ते लढले त्यानेच.

मूळ संविधान नीट वाचले की याहून चमत्कारिक एक गोष्ट दिसते. त्याच्या पहिल्या अनुसूचीत 'ब' वर्गातल्या राज्यांच्या यादीत पहिलेच नाव हैद्राबादचे आहे. अनुच्छेद ३६६ मध्ये राजप्रमुख म्हणजे कोण, याची व्याख्या दिली आहे. तिथे हैद्राबाद राज्यापुरता राजप्रमुख म्हणजे राष्ट्रपतींनी ज्यांना हैद्राबादचा निजाम म्हणून मान्यता दिली आहे ती व्यक्ती, असे स्पष्ट लिहिलेले होते. म्हणजे मूळ प्रतीत निजाम आहे. 'मराठवाडा' हा शब्द तिथे नाही. १९५६ मध्ये सातवी घटनादुरुस्ती झाली, भाषावार राज्ये आली, राजप्रमुखाचे पद गेले आणि ती व्याख्याही गेली. त्याच दुरुस्तीने अनुच्छेद ३७१ नव्याने लिहिला गेला. प्रादेशिक विकास मंडळांची तरतूद करताना त्याच्या दुसऱ्या खंडात विदर्भाच्या शेजारी 'मराठवाडा' हे नाव आले, ते आजही आहे.

दिल्लीत काचेच्या पेटीत ठेवलेल्या संविधानात निजाम आहे आणि मराठवाडा नाही. आज वकिलाच्या टेबलावर पडलेल्या संविधानात मराठवाडा आहे आणि निजाम नाही. आपल्या भागाचा सात-आठ वर्षांचा इतिहास या दोन प्रतींच्या फरकात मावतो. म्हणून दोन्ही प्रती जपायला हव्यात. पेटीतली प्रत आपण कुठून आलो ते सांगते, टेबलावरची आपण कुठे आलो ते सांगते.

आता त्या पेटीविषयी, कारण तिच्याशी लातूरचा संबंध आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही.

इंग्रजी प्रत लिहिली प्रेम बिहारी नारायण रायजादा यांनी. टाक आणि शाई घेऊन, एकहाती, सुमारे सहा महिने. त्यांनी मोबदला घेतला नाही. प्रत्येक पानावर आपले नाव आणि शेवटच्या पानावर आपल्या नावाबरोबर आजोबांचे नाव, एवढेच त्यांनी मागितले. हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांच्या हातची. पाने सजवली शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस आणि त्यांच्या शिष्यांनी. उद्देशिकेचे पान जबलपूरच्या ब्योहार राममनोहर सिन्हा यांचे. या इंग्रजी प्रतीवरून पुढे देहरादूनच्या सर्व्हे ऑफ इंडियाने छापील प्रती काढल्या. चित्रे मोहेंजोदडोपासून सुरू होतात आणि इतिहासाच्या क्रमाने पुढे सरकतात. पंधराव्या भागाशी आले की नांदेडच्या माणसाचे बोट थांबते. हा भाग निवडणुकांचा. त्याच्या आरंभी दोन चित्रे आहेत, छत्रपती शिवाजी महाराजांचे आणि गुरू गोविंदसिंगांचे. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेडला गोदावरीकाठी निवर्तले. त्यांचे तख्त सचखंड श्री हुजूर साहिब या शहराच्या मध्यावर उभे आहे. प्रौढ मताधिकार देणारा अनुच्छेद ३२६ याच भागात येतो. ज्या मुलखातून सहीला कोणी गेले नाही, त्या मुलखात देह ठेवलेले गुरू मताच्या हक्काच्या पानावर आहेत. चित्रकाराने हा विचार केला असेल असे मी म्हणत नाही. पण १९५२ मध्ये हैद्राबाद राज्याने पहिली सार्वत्रिक निवडणूक पाहिली आणि आपल्या आजीने पहिल्यांदा मत दिले, ते याच पानाच्या आधाराने.

या दोन्ही प्रती बरीच वर्षे फ्लॅनेलच्या कापडात गुंडाळून, सोबत डांबराच्या गोळ्या टाकून ठेवल्या होत्या. आपल्या घरातला शालू जसा ठेवतात तशाच. शालूला ते चालते, कागदाला आणि शाईला कायमचे चालत नाही. हवेतला प्राणवायू शाईशी आणि पानाशी सतत काहीतरी करत असतो. दमट दिवसांत पान फुगते, कोरड्या दिवसांत आकसते, आणि वर्षानुवर्षे हे चालले की ते तडकते. कसर आणि बुरशी लागते ती वेगळीच. उपाय साधा वाटतो, करायला अवघड आहे: पानाभोवतीचा प्राणवायू काढून टाकायचा आणि त्या जागी कशाशीही संयोग न पावणारा वायू भरायचा. अमेरिकेने १९५० च्या दशकाच्या आरंभी आपला स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि संविधान हेलियममध्ये बंद केले होते. पन्नास वर्षांनी त्या पेट्या उघडून नव्या पेट्यांत आर्गॉन भरावा लागला. भारतीय संविधानाच्या पेट्या दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आणि अमेरिकेतली गेटी संवर्धन संस्था यांच्या सहकार्यातून झाल्या. गेटीने असाच आराखडा आधी कैरोच्या संग्रहालयातल्या ममींसाठी केला होता. आपल्याकडे पाठ्यपुस्तकांपासून भाषणांपर्यंत सगळीकडे 'हेलियमची पेटी' म्हणतात. गेटीच्या या पेट्या नायट्रोजनच्या आहेत. आपण श्वासात घेतो त्या हवेचा सुमारे ७८ टक्के भाग जो असतो, तोच हा वायू.

१९९४ मध्ये दोन्ही प्रती संसदेच्या ग्रंथालयात या पेट्यांत विराजमान झाल्या. त्या वेळी लोकसभेचे अध्यक्ष होते शिवराज पाटील चाकूरकर. चाकूर हे लातूर जिल्ह्यातले. १९८० पासून लागोपाठ सात वेळा ते लातूरमधून लोकसभेवर निवडून गेले आणि १९९१ ते १९९६ अध्यक्षपदी होते. संसदेचे ग्रंथालय अध्यक्षांच्या अखत्यारीत येते. नव्या ग्रंथालय इमारतीचे भूमिपूजनही त्यांच्याच काळात, एप्रिल १९९४ मध्ये झाले. ज्या प्रतीवर लातूरची सही नव्हती, ती प्रत दीर्घायुषी होत असताना लोकसभेच्या अध्यक्षपदी लातूरचा माणूस होता. या एका वाक्यासाठी तरी हा लेख लिहावा असे मला वाटले.

पण त्याआधीचा, १९९३-९४ चा हिवाळा आठवला की पेटीपाशी थांबता येत नाही.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरून पहाटेचे चार वाजायला आले होते. किल्लारीची जमीन हादरली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली दगडमातीची जाड भिंतींची घरे झोपलेल्या माणसांवर बसली. हजारो माणसे गेली. वाचलेल्यांना ढिगाऱ्यातून माणसे शोधायची होती, मग जनावरे, मग भांडी, आणि सगळ्यांत शेवटी कागद. मदतीच्या रांगेत उभे राहायचे तर मी या गावचा, हे घर माझे, ही जमीन माझी, गेलेली बाई माझी आई, हे सांगावे लागते. ते सांगणारे कागद ट्रंकेत होते आणि ट्रंक भिंतीखाली. माणसाचा हक्क कागदावर अवलंबून असणे म्हणजे काय, ते त्या हिवाळ्यात लातूरच्या लोकांना कोणी शिकवावे लागले नाही.

त्याच हिवाळ्यात नांदेडात दुसरी आग होती. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी केला आणि त्यानंतर मराठवाडाभर दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांचा खून झाला. पंधरा वर्षे ठराव कागदावर पडून राहिला. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडात गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. हे मी संविधानाच्या लेखात लिहितो आहे, कारण अनुच्छेद १७ चा इतिहास दिल्लीच्या पेटीत पूर्ण होत नाही. अस्पृश्यता नष्ट केली आहे असे कागद म्हणतो. टेंभुर्णी आणि नांदेडने तो कागद खरा करण्याची किंमत मोजली. त्या माणसांविषयीची कागदपत्रे, जबाब, त्या काळची वर्तमानपत्रे, मोर्च्यांची पत्रके ही मूलभूत हक्कांची दफ्तरे नाहीत, असे कोण म्हणेल?

योगायोग असा की सार्वजनिक अभिलेख कसे जपावेत हे सांगणारा केंद्राचा कायदा १९९३ चाच. मराठवाड्याच्या वैधानिक विकास मंडळाची स्थापना १९९४ ची. अनुच्छेद ३७१ मधल्या आपल्या नावाला अडतीस वर्षांनी हातपाय फुटले ते तेव्हा. मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. नाव संविधानात अजून आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आपल्या हक्कांचे मूळ कागद कोणते?

माझ्या हिशेबी पहिला मान एका सरकारी परिपत्रकाला द्यावा लागेल, आणि ते हक्क देणारे नाही, हिरावणारे आहे. 'गश्ती निशाण ५३'. १९२९ मध्ये निजाम सरकारने काढलेली ही गश्ती. सभा घ्यायची तर सरकारची आगाऊ परवानगी हवी. राजकीय सभा तर दूरच, वाचनालयाचे संमेलन भरवतानाही लोकांच्या डोक्यावर ही गश्ती टांगलेली असे. खासगी शाळा काढायला परवानगी, आखाडा काढायला परवानगी. राज्याची भाषा उर्दू, उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू, आणि बहुसंख्यांच्या मराठी, तेलुगू, कानडीला दुय्यम जागा. जुनी माणसे या राज्याला 'मोगलाई' म्हणत. तो शब्द माझ्या लहानपणीही म्हाताऱ्यांच्या तोंडी होता, 'हे काय मोगलाईय का?' असा.

अनुच्छेद १९ मध्ये शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिलेला आहे. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला तो परीक्षेतला एक मुद्दा वाटतो. नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्याने तो गश्ती ५३ शेजारी ठेवून वाचावा. १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला भरले आणि दुसरे १९३८ मध्ये लातूरला. त्या वर्षी स्टेट काँग्रेसची उभारणी होत होती, आणि ती धड जन्माला यायच्या आतच सरकारने तिच्यावर बंदी घातली. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. बंदी उठली ती १९४६ मध्ये. संघटना करण्याचा हक्क म्हणजे काय, याची व्याख्या आठ वर्षांच्या त्या बंदीत आहे.

धर्मस्वातंत्र्याचेही तसेच. १९३९ च्या आर्य समाजाच्या सत्याग्रहाचे मूळ हवनकुंड, मंदिर, मिरवणूक अशा साध्या वाटणाऱ्या गोष्टींत होते. उदगीरचे भाई श्यामलाल १९३८ मध्ये बिदरच्या तुरुंगात मरण पावले. आणि वेठ! अनुच्छेद २३ च्या इंग्रजी मजकुरातही 'बेगार' हाच शब्द रोमन लिपीत लिहिला आहे. आपल्याकडचा वेठबिगारीचा शब्द रायजादांनी त्या देखण्या अक्षरात काढला. जहागिरीच्या गावात पाटलाच्या, देशमुखाच्या, अंमलदाराच्या दारी बिनमजुरी राबलेल्या माणसांची त्या पानावर सही नाही, पण त्यांचा शब्द आहे.

हे सगळे ज्या कागदांत आहे, ती गश्ती, फर्माने, सत्याग्रहींचे मुचलके, तुरुंगाची रजिस्टरे, जप्त केलेली पत्रके, ते कागद आज विखुरलेले आहेत. निजाम सरकारच्या मध्यवर्ती दफ्तराचा फार मोठा भाग हैद्राबादच्या तारनाका भागातल्या राज्य अभिलेखागारात आहे. आपल्या राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे एक कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. उरलेले तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांत आहे, लाल किंवा मळकट पांढऱ्या कापडाच्या रुमालांत. आणि थोडे तुमच्या-आमच्या घरी.

असा एक कक्ष मी पाहिला आहे. जिल्हा कोणता ते सांगत नाही, कारण तिथल्या कारकुनाने जेवढे जमेल तेवढे जपले होते आणि दोष त्याचा नव्हता. उन्हाळ्यात पत्र्याखाली तापणारी खोली, पावसाळ्यात एका कोपऱ्यात ओल. रुमाल सोडला की आधी धूळ, मग वाळवीने कोरलेल्या नागमोडी वाटा. पान उचलायला गेलो तर त्याचा कोपरा हातात राहिला. "साहेब, यातलं आम्हाला एक अक्षर कळत नाही," तो म्हणाला, "पण टाकून द्यायला हात होत नाही." मला त्याचे ते वाक्य मोठे वाटले. दिल्लीत नायट्रोजनची पेटी आहे, इथे एका माणसाचा न होणारा हात आहे.

कळत नाही याला कारण आहे. मजकूर शिकस्ता वळणाच्या उर्दूत, काही फारसीत, काही मोडीत. तारखा फसली. हैद्राबादच्या फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो. वर्ष ऑक्टोबरात सुरू होते आणि महिने आजर, दै, बहमन, इस्फंदार अशा इराणी नावांचे. आमच्या घरच्या ट्रंकेत असाच एक चौघडी घातलेला कागद होता. तीन पिढ्या तो जमिनीचा समजून जपला. शेवटी आमच्या गल्लीच्या पलीकडे राहणाऱ्या, उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या एका गुरुजींकडे घेऊन गेलो. त्यांनी चष्मा पुसला, खिडकीपाशी जाऊन वाचला आणि म्हणाले, "जमिनीचा नाही बेटा. हा मुचलका आहे. तुमच्या आजोबांकडून चांगल्या वागणुकीची हमी लिहून घेतलीय. बहमन, तेराशे अठ्ठेचाळीस." हिशेब केला. १९३८ ची अखेर. सत्याग्रहाचा काळ. आजोबा त्याविषयी आयुष्यभर एक शब्द बोलले नव्हते. गुरुजींनी कागद परत देताना दोन्ही हातांनी दिला.

त्या दिवशी एक गोष्ट लख्ख कळली. मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाचे कागद वाचण्याची किल्ली आज मुख्यतः आपल्या उर्दू जाणणाऱ्या शेजाऱ्यांकडे आहे. निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेली मराठी घरांतली पिढी जवळजवळ संपली. नांदेडात, लातुरात, उदगिरात उर्दू शाळा आहेत, उर्दूचे शिक्षक आहेत. त्यांना सन्मानाने बोलावून, मानधन देऊन, विद्यार्थ्यांच्या शेजारी बसवून ही दफ्तरे वाचून घेतली तर दहा वर्षांत पुष्कळ काम होईल. हे काम स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने हाती घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ ची आहे, मुक्तिदिनाची. ज्यांचे नाव त्याला दिले आहे त्यांच्या आयुष्याचे मोठे प्रकरण याच कागदांत आहे. नरहर कुरुंदकर याच नांदेडात, पीपल्स कॉलेजात शिकवत राहिले आणि हैद्राबादचा प्रश्न त्यांनी महाराष्ट्राला समजावून सांगितला. त्यांच्या गावात ही दफ्तरे न वाचता राहावीत हे बरे दिसत नाही.

जुना कागद किती जिवंत असतो, हे गेल्या काही वर्षांत सगळ्यांनी पाहिले. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातले निजामकालीन अभिलेख उघडले गेले. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची कधी नव्हे ती विचारपूस झाली. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने 'हैद्राबाद गॅझेट' हा शब्द घराघरांत गेला. मराठा आरक्षणाच्या वादात बाजू घेण्याची ही जागा नाही. त्याआधी १९८५ मध्ये केंद्राने सरहद्दीवरच्या कॅम्पांतल्या मुक्तिसैनिकांना निवृत्तिवेतनासाठी मान्यता दिली, तेव्हाही म्हाताऱ्या माणसांची अशीच धावाधाव झाली होती. दर वेळी गरज पडली की आपण रुमाल सोडतो, हवी ती ओळ शोधतो आणि बाकीचे पुन्हा वाळवीच्या स्वाधीन करतो. शेजारच्याच रुमालात मुचलक्यांची यादी असली तर ती कोण पाहणार?

नांदेडला ग्रंथ कसा जपावा हे शिकवायची गरज नाही. हुजूर साहिबला पहाटे गुरू ग्रंथसाहिबाचा प्रकाश होतो, रात्री सुखासन होते. ग्रंथावर जे रेशमी वस्त्र घालतात त्याला रुमाला म्हणतात, आणि कचेरीतले दफ्तर ज्या कापडात बांधतात त्याला रुमाल. शब्द एकच, फारसीतून आलेला. एका ठिकाणी तो रोज हाताळला जातो, वाचला जातो, म्हणून ग्रंथ ताजा राहतो. दुसऱ्या ठिकाणी गाठ वर्षानुवर्षे सुटत नाही. श्रद्धेचा ग्रंथ आणि सरकारी दफ्तर यांची बरोबरी मला करायची नाही. रोजच्या हाताळणीने वस्तू जिवंत राहते, एवढे मात्र त्या दोन रुमालांत स्पष्ट दिसते.

दिल्लीच्या प्रतीची काळजी घेणारे लोक आहेत, तिला धोका नाही. धोका आहे तो आपल्या प्रतींना. म्हणून नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीच्या वाचकांना एक विनंती. या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक खाली काढाल. तीत उर्दूतला, मोडीतला, फसली सनाचा कागद निघाला, कोणा सत्याग्रह्याचे तुरुंगातले पत्र निघाले, नामांतराच्या काळातले पत्रक निघाले, तर ते रद्दीत घालू नका. चिकटपट्टी लावू नका आणि प्लास्टिकचे लॅमिनेशन करू नका, त्याने कागद आतल्या आत जळतो आणि पुन्हा सोडवता येत नाही. घडी हळूच उघडून सपाट ठेवा, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा, ओलीपासून दूर ठेवा. दिवसाच्या उजेडात दोन्ही बाजूंचा फोटो काढा, आणि हा कागद कोणाचा, कोणत्या गावचा, घरात कसा आला, हे घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारून वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवा. मग गल्लीपलीकडच्या गुरुजींकडे जा. आमचे गुरुजी आता एकोणऐंशीचे आहेत. त्यांच्याकडे अजून रोज कोणी ना कोणी कागद घेऊन आले, तर त्यांना आवडेल.